शंभर पुटांचे भस्म

चैत्राचे ऊन. पांढरे, प्रखर, परसभर पसरलेले ऊन. त्या उन्हात भस्माला आग द्यायचा, पुटाचा खड्डा थंड पडला होता. राखेच्या जागी तिथे दूर्वा उगवल्या होत्या. कोवळ्या, हिरव्यागार, निर्लज्ज दूर्वा.

माहेरी आलेली ऊर्मिला त्या दूर्वांकडे पाहत राहिली. पुडी बांधायला म्हणून अण्णांनी, तिच्या वडिलांनी, वैद्य त्र्यंबकशास्त्र्यांनी, आताच तिच्या हाती बरणी दिली होती. बरणीवर त्यांचेच वळणदार अक्षर: शतपुटी अभ्रकभस्म. ओसरीवर मंजुळा धापा टाकणारी लेक मांडीवर घेऊन औषधासाठी थांबली होती.

याच खड्ड्याच्या काठी अण्णांनी तिला पुट हा शब्द शिकवला होता. पळसाचे पान दुमडून ते म्हणाले होते, "हे पुट. पुट म्हणजे घडीतली पोकळी. तू ओंजळ जोडलीस की तेही पुटच. दोन परळांच्या, मातीच्या थाळ्यांच्या, पोकळीत अभ्रक मिटायचं, मातीनं सांधायचं, गोवऱ्यांच्या आगीत ठेवायचं. एक आग, एक पुट. अशी शंभर झाली, की अभ्रकातला चंद्र मरतो. तोवर ते औषध नव्हे." चंद्र म्हणजे अभ्रकाची चकाकी. आग आणि राख, आग आणि राख. परकरी वयाची ऊर्मिला बोटांवर मोजत बसायची.

तिने चिमूटभर भस्म तळहातावर चोळले, हात उन्हात धरला. तळहात लखलखला. शेकडो चंद्र, जिवंत, टोकदार, किळसवाणे चंद्र.

"अण्णा, किती पुटं दिलीत?"

मागच्या दारात अण्णा चष्मा पुसत राहिले. "सात-आठ. अगो, हात चालत नाहीत आता. मधात कालवलं की कोणाला दिसतंय?"

त्या मऊ, सात्त्विक, चंदन लावलेल्या चेहऱ्याची तिला शिसारी आली. शिकवणारे तोंडही हेच होते.

ती ओसरीवर गेली. "मंजुळाबाई, हे औषध खोटं आहे. पोरीला आजच तालुक्याच्या दवाखान्यात न्या."

"माझं नाव गेलं गो!" आतून अण्णा कळवळले.

ती थांबली नाही. खड्ड्याशी जाऊन तिने बरणी काठावर पालथी केली, भस्म ओंजळीत उचलले आणि ओंजळ उघडली. दूर्वांवर चंद्र सांडले. मग तिने हात धुतले, मातीने घासले, पुन्हा धुतले. ऊन तसेच होते, पांढरे, प्रखर. आणि तिच्या रिकाम्या ओंजळीत, रेषारेषांतून, चंद्र चमकतच राहिले.