हात वर केला की थांबायचं

कापडाचे चाळीस थर एकावर एक रचून, वर खडूची रेघ मारून, एका दमात शर्टाच्या बाह्या कापणारी बाई स्वतःच्या साडेचार वर्षांच्या पोरापुढे हात टेकते, हे शिवणाच्या कारखान्यात कोणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. तिथे तिला सगळे मास्तरीण म्हणत. कापड बेतून कापणारा तो कटिंग मास्तर, म्हणून ती मास्तरीण. अकरा वर्षांत तिच्या हातून कापडाचा एकही ताका वाया गेला नव्हता. पण भुंग्याच्या डोक्यावरचं रान चार महिने तिला दाद देत नव्हतं.

भुंगा हे पोराचं घरातलं नाव. दिवसभर ओठ मिटून तो गुणगुणायचा. त्याला कमी ऐकू यायचं, आणि बाहेरचा आवाज पोचला नाही तरी घशातली थरथर स्वतःची स्वतःला कळते. त्याच्या दोन्ही कानांमागे शेंगेएवढी दोन मशीनं होती. म्हणजे असायला हवी होती. गेला दीड महिना तो ती ठेवेना. शाळेत पोचला की दहा मिनिटांत काढायचा आणि दप्तरात टाकायचा.

"हट्टी झालाय," शाळेतल्या बाई म्हणाल्या. "लाडावलाय," त्याची आत्या म्हणाली. मशीन तपासायला आईबापांना एक नळी देतात, डॉक्टरच्या नळीसारखी. एक टोक मशीनला, दुसरं आपल्या कानात. ती मास्तरिणीने लावली, आणि मशीनवरून आपल्याच वेणीचं टोक फिरवलं. दचकून नळी काढून टाकली. डोक्याच्या आत कोणीतरी कोरडी पिशवी चुरगळत होतं. भुंग्याचे कुरळे केस कानामागे लोंबत होते आणि तो मान हलवेल तेव्हा मशीनवर घासत होते. दिवसभर खरखर, खरखर. त्याच्या जागी ती असती तर तिने ते दहा मिनिटंही ठेवलं नसतं.

दवाखान्यातल्या मशीनवाल्या बाईंनी मागच्या वेळी साफच सांगितलं होतं. "कानामागचे केस कापूनच आणा. नाहीतर मी काय लावून देणार? आणि हे बघा, आणखी दोन महिने तो असाच बिनमशीनचा राहिला, तर आलेले शब्दसुद्धा जातील."

आलेले शब्द एकतीस होते. कपाटाच्या दाराला चिकटवलेल्या कागदावर मास्तरिणीने ते तारखांसकट लिहिले होते. एकतिसाव्यानंतर दीड महिना कोरा होता. दवाखान्याची वेळ उद्या सकाळी अकराची. आज रविवार, दुपारचे दोन.

न्हाव्याकडे नेऊन झालं होतं. न्हावी भला माणूस. त्याने चादर गुंडाळली, कपाळ धरलं, आणि भुंग्याने त्याचा अंगठा चावला. न्हावी अंगठा झटकत म्हणाला, "ताई, याला मिशी फुटली की आणा. मग आपोआप येईल."

म्हणून आज घरी. बाबा कामावर होते. मदतीला आत्या होती. ती गाडी शिकवणाऱ्या शाळेत शिकवायची. नवशिक्यांच्या शेजारी बसून आयुष्य काढल्यामुळे तिला भीती अशी कशाचीच वाटत नसे, आणि तिचा आवाज कायम रहदारीच्या वरच्या पट्टीत असे.

मास्तरिणीने तयारी कारखान्यासारखी केली. खिडकीजवळ खुर्ची, खुर्चीवर दोन उशा, पाणी फवारायची बाटली, कंगवा, धार लावलेली छोटी कात्री. कापणीतला पहिला नियम: कापड हलता कामा नये. हललं की संपलं. म्हणून थरांवर लोखंडी वजनं ठेवतात. तिने मशीनं काढून डबीत ठेवली, कारण त्यांना पाणी चालत नाही. मग भुंग्याला चादरीत घट्ट गुंडाळलं, मागे चिमटा लावला, डाव्या हाताचा तळवा वजनासारखा त्याच्या डोक्यावर ठेवला आणि कात्री उचलली.

पुढच्या अर्ध्या मिनिटात बाटली पडली, उशी पडली, चिमटा कुठे उडाला तो कोणालाच दिसला नाही, आणि भुंग्याने घर डोक्यावर घेतलं. चादरीसकट तो पलंगाखाली जाऊन बसला.

"एक बट तरी निघाली का?" आत्याने विचारलं.

मास्तरिणीने मूठ उघडली. चार केस होते.

"छान. या वेगाने त्याच्या लग्नापर्यंत होईल."

"आत्याबाई, इकडे ये. मला बांध."

"काय?"

"मला दुसऱ्या चादरीत बांध. हात आत."

"वहिनी, डोकं फिरलं का तुझं?"

"बांध म्हटलं ना." मास्तरिणीने कानात कापसाचे बोळे कोंबले आणि खुर्चीवर बसली. "आता मागून कात्री घेऊन ये. कधी ते सांगू नकोस."

आत्याने मान हलवली, पण बांधलं. मास्तरीण समोरच्या भिंतीकडे बघत बसली. घर लांब गेलं. पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज नव्हता. आत्या मागे आहे की स्वयंपाकघरात गेली, ते कळायला मार्ग नव्हता. मग एकाएकी मानेला गार लोखंड लागलं आणि ती ताडकन उभी राहिली. पहिलं काय केलं असेल, तर हात वर करायला गेली. हात चादरीत अडकले होते.

आत्याने चादर सोडली, तसे तिने बोळे काढले.

"काय झालं?" आत्या म्हणाली. "मी नुसती टेकवली गं."

"त्याचे एकतीस शब्द आहेत. बाकीचं सगळं तो हातांनी बोलतो. कान मी डबीत ठेवले आणि हात चादरीत बांधले. वर म्हणते, ओरडतो का."

आत्या पलंगाच्या कडेला बसली. चादरीचं एक टोक पलंगाखालून बाहेर आलं होतं, ते हलत होतं.

"माझ्या गाडीत काय असतं माहितीये?" ती म्हणाली. "चालवतो शिकणारा, पण माझ्या पायाखालीसुद्धा एक ब्रेक असतो. तो असतो म्हणून मी निवांत बसते. नाहीतर त्या लोकांच्या शेजारी देव बसला नसता."

मास्तरिणीने तिच्याकडे बघितलं. मग कपाटाकडे गेली.

चाळीस थरांत शर्ट कापणाऱ्या बाईला शर्ट उलटा घालायचं सुचायला साडेचार वर्षं लागली. बाबांचा जुना निळा शर्ट तिने काढला. बटणं पाठीकडे, बाह्या मनगटापर्यंत दुमडलेल्या. केस अंगावर पडणार नाहीत आणि हात बाहेर. मोठा आरसा भिंतीवरून काढून खुर्चीसमोर टेकवला. मग आत्याला खेळ समजावून ती पलंगाजवळ पालथी पडली आणि हात वर केला. आत्या तिच्या दिशेने चालत येत होती, ती थांबली. मास्तरिणीने हात खाली घेतला. आत्या चालायला लागली. हात वर. आत्या एका पायावर थांबली.

"वहिनी, मी पडेन."

पलंगाखालून एक छोटा हात बाहेर आला आणि वर झाला. आत्या दुसऱ्या पायावर थांबली. आत कोणीतरी हसलं.

साडेतीनला भुंगा निळा शर्ट घालून खुर्चीवर बसला होता. आरशात त्याला आई पूर्ण दिसत होती. तिने आरशातूनच दाखवलं: कात्री, कंगवा, तुझा हात. हात वर झाला की ही कात्री टेबलावर. तोंड मोठं करून म्हणाली, "थांबले."

तिने कात्री उचलली. हात वर झाला. तिने कात्री टेबलावर ठेवली. "थांबले."

उचलली. हात वर. ठेवली. "थांबले."

आठव्यांदा आत्या म्हणाली, "हा तुला खेळवतोय."

"खेळवत नाहीये, तपासतोय. मीसुद्धा नवीन कात्री आधी चिंधीवर चालवून बघते."

तेराव्यांदा हात अर्ध्यावर आला आणि त्याने नाक खाजवलं. पहिली बट पडली. त्याने ती मांडीवरून उचलली, बघितली, आत्याला दिली. आत्याने ती दोन्ही हातांनी मोठ्या मानाने स्वीकारली.

मग काम चाललं. सलग नव्हे, दोन बटा, थांबले, एक बट, थांबले. एका बटेसाठी तिला कारखान्यात पन्नास कॉलर कापण्याइतका वेळ लागला. तिच्या पाठीला रग लागली. डोकं हलायचं, तशी तीही हलायची. वजन ठेवायचं नाही असं तिने ठरवलं होतं, म्हणून कापडाबरोबर चालायला शिकत होती. पुढचं झालं, वरचं झालं, उजवा कान मोकळा झाला. सव्वापाच वाजले.

डाव्या कानामागे मात्र तो हात वर करून बसला तो खाली घेईना. ती बाजू आरशात दिसत नव्हती. न्हाव्यानेही तिथूनच सुरुवात केली होती. आणि खरखर करणारी सगळ्यात लांब बट नेमकी तिथेच होती.

मिनिट गेलं. दोन गेली. त्याचा हात भरून आला, म्हणून त्याने दुसऱ्या हाताने तो कोपरापाशी धरला.

"वहिनी, एकच कात्री," आत्या दबक्या आवाजात म्हणाली, जणू त्याला ऐकू जाईल. "मी याला इकडे खेळवते, तू पटकन मार. कळणारसुद्धा नाही. उद्या अकराची वेळ आहे तुमची."

"माहितीये."

"मग?"

"तू ब्रेक दाबलास आणि गाडी थांबली नाही, तर उद्या त्या गाडीत बसशील?"

आत्याने पुढे केलेला हात मागे घेतला.

मास्तरिणीने कात्री टेबलावर ठेवली, खुर्चीला वळसा घालून त्याच्यासमोर जमिनीवर बसली. उद्याची वेळ गेली तर पुढची दोन महिन्यांनी मिळायची, हे तिला पाठ होतं. बट कापायची तर आजच. पण न विचारता नाही. तिने त्याच्या चित्रांच्या डब्यातली बोथट टोकांची कात्री आणली, त्याच्या हातात दिली आणि स्वतःची वेणी सोडून डोकं त्याच्या गुडघ्यांशी नेलं.

"वहिनी!" आत्या म्हणाली.

भुंग्याने कात्री बघितली, आईचं डोकं बघितलं. मग कपाळावरची एक जाड बट धरली आणि जीभ बाहेर काढून कापायला लागला. बोथट कात्री केस चावत होती. तिला लागत होतं. बट पडली, चांगली वीतभर. त्याने दुसरी धरली.

तिने हात वर केला.

कात्री उघडीच थांबली. भुंग्याने तिच्या हाताकडे बघितलं, मग आपल्या हाताकडे, जो कात्रीत होता आणि थांबला होता. त्याचं तोंड उघडलं. तिने हात खाली घेतला, त्याने कापलं. वर, तो थांबला. पुन्हा वर, पुन्हा थांबला, आणि या वेळी इतका हसला की कात्री पडली.

ती त्याने उचलली नाही. खुर्चीवर नीट सरकून बसला, शर्टाच्या बाह्या मागे सारल्या, आणि मान उजवीकडे झुकवून डावा कान आईला दिला. हात वर जायच्या तयारीत मांडीवर ठेवला होता. तो तिथेच राहिला.

मास्तरिणीने बट कापली. मग तिच्या खालची. कानामागची जागा तिने बोटाने चाचपली. खडू असता तर रेघ मारली असती.

मान पुसून झाल्यावर डबी उघडली. डावं मशीन, उजवं मशीन. भुंग्याने लगेच मान जोरात हलवली. मशीन उपटून काढण्याआधी तो नेहमी असंच करायचा. घरात सगळे थांबले. त्याने पुन्हा हलवली, आता हळू, आणि गुणगुणणं बंद करून ऐकत राहिला. पंख्याकडे बघितलं. खिडकीकडे बघितलं. हात कानाकडे गेला, मोकळी कातडी चाचपली आणि खाली आला.

"ठेवलं," आत्या म्हणाली. तिला हुंदका यायचा होता, तो तिने बोलण्यात घातला. "बघ, ठेवलं! मी म्हणतच होते, पोरगं शहाणं आहे, लाडावलेलं वगैरे नाही. पण वहिनी, तुझ्या कपाळाचं काय? अर्धी झालर राहिलीये. उद्या कारखान्यात काय सांगणार? मास्तरीणबाई स्वतःचं डोकं तिरकं बेततात म्हणतील. आणि दादाला..."

भुंगा तिच्यासमोर येऊन उभा राहिला. दोन्ही बाह्या लोंबत होत्या. त्याने एक बाही वर केली, त्यातून तळवा बाहेर काढला.

"आंब," तो म्हणाला.

आत्या तोंड उघडं ठेवून थांबली.

मास्तरिणीने कपाटाच्या दाराकडे बघितलं. पेन तिथेच दोरीला टांगलेलं होतं. पण एकदा ऐकून शब्द धरायचा नाही, असं मशीनवाल्या बाईंनी बजावलं होतं. एकदा चुकूनही निघतो.

"आत्याबाई," ती म्हणाली, "बोल."

"काय बोलू?"

"काहीही. तो परत थांबवेपर्यंत बोलत राहा."