ट्राम बंद पडली आणि पाचारण आलं

त्रेपन्न साली मद्रासची ट्राम कायमची बंद झाली आणि त्याच वर्षी ट्रामचे इन्स्पेक्टर तुळजाजी यांना पाळक, म्हणजे पाद्री, होण्याचं देवाचं पाचारण आलं. दोन्ही गोष्टी इतक्या लागोपाठ घडल्या की रायपुरमच्या बाप्टिस्ट मंडळीत कुणाला हसू आवरेना.

"रूळ उखडले, आता स्वर्गाची गाडी धरतायत," विशालाक्षी मावशी म्हणायच्या. आणि म्हणता म्हणता तुळजाजींच्याच ताटात जास्तीचा मासा वाढायच्या.

माणूस तसा सोन्यासारखा. रविवारी पोरांना बायबल शिकवावं, आजाऱ्याच्या उशाशी बसावं, गल्लीत मयत झालं तर खांद्याला पहिलं यावं. म्हातारे पाळक थकून नागरकोइलला लेकाकडे गेले, तेव्हा लोकांच्या तोंडी यांचंच नाव आलं. पण नाव येणं वेगळं आणि पाळक होणं वेगळं. बाप्टिस्टांकडे वरून कुणी बिशप माणूस नेमून पाठवत नाही. उमेदवारानं सगळ्या मंडळीपुढे उभं राहून आपल्या पाचारणाची साक्ष द्यायची. ज्याला जे विचारायचं ते त्यानं विचारायचं. मग उमेदवारानं बायकोसकट बाहेर जाऊन बसायचं, आणि आत मतासाठी हात वर होतात.

त्यात आणखी एक पेच होता. बसखात्यात इन्स्पेक्टरची जागा तुळजाजींना मिळत होती, आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. रविवारी मंडळीनं नाकारलं, तर सोमवारी पुन्हा खाकी डगला अंगावर चढणार. पाचारण आलं होतं, हे सांगायला मग तोंड उरणार नव्हतं, लोकांपुढे नाही आणि देवापुढेही नाही.

रविवारी सकाळी बायकोनं, सईबाईंनी, कापीचा पेला पुढे ठेवला. "साक्ष पाठ झाली?"

तुळजाजी ताठ उभे राहिले. "मी, तुळजाजी, राहणार रायपुरम, असं निवेदन करतो की, सदर पाचारण मला सकाळच्या सुमारास..."

"अहो, ट्रामखाली बैल आला त्याचा रिपोर्ट देताय की देवानं हाक मारली ते सांगताय?"

"मग कसं सांगू?"

"मामंजी सांगायचे तसं. चिपळ्या वाजल्या की पेंगणारी म्हातारी उठून बसायची."

तुळजाजींचे वडील तंजावरचे कीर्तनकार. ख्रिस्ती झाले, पण चिपळ्या काही सोडल्या नाहीत. दावीद, योना, उधळ्या पुत्र, सगळे त्यांनी साकी-दिंडीच्या चालींत बसवले आणि गावोगाव गायले. लहानपणी तुळजाजींना त्याची भारी लाज वाटे. पुढे डगला आणि शिट्टी मिळाल्यावर तर त्यांनी ठरवूनच टाकलं, की देवाच्या घरात माणसानं कचेरीत बोलतो तसं बोलावं.

"ते दिवस गेले," ते म्हणाले. "मी इन्स्पेक्टर आहे."

"होतात," सईबाई म्हणाल्या आणि पेला उचलून घेऊन गेल्या.

मंडळीचं देऊळ भरलं होतं. तुळजाजींनी निवेदन सुरू केलं. 'सदर', 'उपरोक्त', 'त्या अनुषंगाने'. बायकांच्या हातातले विंझणे मंदावले. मागच्या बाकावर कुणीतरी चक्क घोरलं. बाजाच्या पेटीशी बसलेल्या सईबाईंनी पदरात तोंड लपवलं.

मग राणोजी उठले. बंदरावरचे जुने मुकादम, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या डीकनांतले सर्वांत वडील, आवाज अजून खणखणीत.

"तुळजाजी, एकच विचारतो. ट्राम चालू असती, तर आला असतास काय रे?"

देवळात हसू फुटलं आणि लगेच विरलंही. प्रत्येकाच्या मनातलंच होतं ते.

तुळजाजींनी घसा खाकरला. 'हो' म्हणणं सोपं होतं. समोर लाकडी क्रूस होता, बाजूला बायको होती. दोघांपुढेही खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"नसतो आलो," ते म्हणाले.

मंडळीत कुजबुज उठली. विशालाक्षी मावशींनी कपाळाला हात लावला. तुळजाजींना आणखी काही सांगायचं होतं, पण कचेरीतला एकही शब्द मदतीला येईना. तेवढ्यात पेटीचा भाता हलला. सईबाईंनी सूर धरला, हलकेच, कीर्तनात मागचा साथीदार बुवांना आठवण करून देतो तसा. चाल साकीची होती. आणि इन्स्पेक्टरांच्या गळ्यातून वडिलांचा आवाज निघाला:

"निनवेस जा म्हणे प्रभु, योना तार्शिश-नौका पकडी,
पाय पळाले, देव न चुकला, लाट तयाला जखडी."

गाऊन झाल्यावर त्यांनी तमिळमध्ये अर्थ सांगितला, पुन्हा गायले, आणि मग थांबेनातच. "राणोजी अण्णा, योना तरी कुठं आपणहून गेला? त्याला गिळून परत किनाऱ्यावर टाकायला मासा लागला. माझ्यासारख्याला आख्खी ट्राम बंद पडावी लागली! हाक मला कैक वर्षं येत होती. मी घंटी वाजवून पुढे निघून जायचो. आता बसखात्यात जागा आहे. तार्शिशचं दुसरं जहाज बंदराला लागलंय. सरळ सांगतो, मोह होतोय. तुम्ही ठरवा."

घोरणारा जागा झाला होता. विंझणे पार थांबले होते. पुढच्या बाकावरच्या बायका तर साकीचं दुसरं चरण गुणगुणायला लागल्या.

नवराबायको बाहेर पूवरसूच्या झाडाखाली जाऊन बसले. आतून बाक सरकल्याचे आवाज येत होते. समुद्राचा खारा वारा सुटला होता.

"नसतो आलो असं कशाला म्हणालात?" सईबाईंनी विचारलं.

"खरं होतं म्हणून."

"ते कळलं हो मला. पण जरा लांबवून म्हणायचं. माझा जीव गेला की तिथं."

तुळजाजी हसले, आणि हसता हसता डोळे पुसू लागले. त्यांना कळून चुकलं होतं, की आतून 'नाही' आलं तर सोमवारी डगला खुंटीवरून काढवणार नाही. इतकं हवंसं त्यांना काही कधी वाटलंच नव्हतं.

दार उघडून राणोजी आले. चेहरा बंदरावर माल उतरवून घेतानाचा, निर्विकार.

"हात वर झाले," ते म्हणाले. "पुष्कळ. माझा नव्हता."

"का, अण्णा?"

"सगळेच वर गेले तर तुझ्या डोक्यात वारं शिरेल. एक तरी खाली असावा." मग त्यांनी पागोटं काढून काखेत धरलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी या माणसाला अहो-जाहो केलं. "पाळकसाहेब, आमची म्हातारी गुडघ्यांनी अंथरुणाला खिळलीय. संध्याकाळी प्रार्थनेला याल?"

तुळजाजी गडबडून उभे राहिले. "येतो ना. म्हणजे... बोलून करू, की गाऊन?"

"गाऊनच करा," राणोजी म्हणाले. "तिला कमी ऐकू येतं. जरा मोठ्यानं गा."