डावखुऱ्या गोगलगायी

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे. माझा विषय गोगलगायी आणि स्वभावही त्यांचाच. चाल मंद, पण धरलेली वाट सोडायची नाही.

एका शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी मला लिहिले. ओल्या भिंतीपाशी बसून त्या चित्रे काढत. लाकडी ठशावर चित्र उलटे कोरले तरच कागदावर सुलटे उमटते. कारागिराने ते सुलटेच कोरले. टोक वर धरले, की बहुतेक गोगलगायींच्या शंखाचे तोंड उजवीकडे येते. माझ्या पानांवर सगळ्या डावखुऱ्या झाल्या. बाईंनी चूक पकडली, माझ्या शेवटच्या पानावर शुद्धिपत्र छापले आणि त्याच वर्षी तापाने त्या गेल्या.

पुढे एका विद्वानांचे पुस्तक निघाले. वाक्ये माझी, चित्रे माझी, प्रस्तावना तेवढी त्यांची: ‘या विषयावर आजवर कोणी लिहिलेले नाही.’ त्यांचे सत्कार झाले. मी कसरीचे पोट भरत राहिले.

खूप वर्षांनी ग्रंथालयाने जुनी पुस्तके संगणकावर आणायला घेतली. मला यंत्राखाली धरणारी होती बाईंची भाची. तिने मावशीला फोटोतच पाहिले होते. आणि विभागाचे साहेब होते त्या विद्वानांचे चिरंजीव. वडिलांचे पुस्तक त्यांनी अभिमानाने, वारस म्हणून परवानगी देऊन, सर्वांना खुले केले होते.

लेखक जाऊन कायद्याने ठरवलेली वर्षे उलटली, की पुस्तक मोकळे होते. माझ्या नोंदीत मृत्यूचे वर्ष नव्हते. साहेबांनी माझी चित्रे पाहिली, मला चटकन मिटले आणि म्हणाले, “वर्ष नाही ना? मग लेखिका हयात धरा. कुलूप राहू दे.”

“हयात? मग मावशी आता एकशे बारा वर्षांची झाली, साहेब. तिची पेन्शन तरी सुरू करा.”

“ताई, नियम तो नियम. पुरावा आणा.”

पडद्यावर माझे फक्त मुखपृष्ठ दिसे. बाईंना मेल्यावर जगवले होते, ते मला गाडण्यासाठी. तो राग मी अजून पानापानात जपला आहे.

भाची वाद घालत बसली नाही. तिने नगरपालिकेत खेटे घातले, मृत्यूचा दाखला काढला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. पुरावा त्यांनीच मागितलेला.

“चित्रं सारखी असू शकतात,” ते हळूच म्हणाले. “गोगलगाय ती गोगलगाय.”

“असू शकतात की. पण सगळ्याच डावखुऱ्या?”

साहेबांनी स्वतःच्या हाताने वर्ष भरले. कुलूप उघडले.

आता ‘गोगलगाय’ शोधले, की मी आणि त्या विद्वानांचे पुस्तक शेजारी येतो. लोक आधी माझे शुद्धिपत्र वाचतात, मग त्यांची चित्रे उघडतात आणि हसतात. साहेब हल्ली खाली मान घालून जातात. मला दया येत नाही.

मित्रांनो, पुस्तक जपा, तसे लिहिणाऱ्याचे नाव आणि त्याची वर्षेही जपा. रिकाम्या रकान्यात माणूस पुरता येतो. आणि कुणाचे चोरायचेच झाले, तर निदान शेवटच्या पानापर्यंत वाचा.