‘ऊटा आय्ता?’ विचारणारी पेटी

मित्रांनो, माझा जन्म २०१४ सालच्या मार्च महिन्यात झाला आणि तो केवळ लोकांना हसवण्यासाठी झाला. आज माझा रंग जागोजागी उडाला आहे, पण एकेकाळी मी फार देखणी होते. चन्नपट्टणच्या एका खेळणी करणाऱ्या कारागिराने मला हलक्या लाकडातून घडवले, हळदीसारखा पिवळा लाखेचा रंग दिला आणि कडेने तांबडी पट्टी ओढली. डब्याएवढी माझी उंची. पोटात एक घड्याळ, एक लहानसा स्पीकर आणि दोन शब्द. मला दोनच शब्द येतात.

“ऊटा आय्ता?”

जेवण झालं का, एवढाच या कानडी शब्दांचा अर्थ. आमच्या मुलखात हे प्रत्येक जण प्रत्येकाला विचारतो. बँकेतली बाई पासबुक परत देताना विचारते. भांडण झालेला शेजारीसुद्धा तोंड फिरवण्याआधी विचारून घेतो. त्यावर “आय्तु”, म्हणजे झालं, असे म्हणायचे आणि लगेच उलट विचारायचे, “निंदु?” तुझं? पोटात कावळे ओरडत असले तरी असेच म्हणायचे. प्रश्न जेवणाचा नसतोच. आपण एकमेकांच्या ध्यानात आहोत, एवढेच त्यातून सांगायचे असते.

मला जन्म देणारी कंपनी बेंगळुरूत, जयनगरात होती. तिथे पगाराचे हिशेब करणारे सॉफ्टवेअर तयार होत असे. काम रुक्ष होते, म्हणून कंपनीचे मालक हेब्बार सर दर वर्षी एप्रिलच्या पहिल्या तारखेला एखादी खोटी वस्तू जाहीर करत. आदल्या वर्षी त्यांनी ‘गजर झाला हे सांगणारा गजर’ काढला होता. वस्तू जितकी बिनकामाची, तितके लोक खूश.

त्या वर्षी काही सुचत नव्हते. सगळे टेबलाभोवती बसले होते, तेवढ्यात श्रीरंजनीचा फोन वाजला. श्रीरंजनी त्यांच्यात सर्वांत हुशार. तिची आई तीर्थहळ्ळीला एकटी राहत असे आणि दुपारी एक वाजला की न चुकता फोन करत असे. श्रीरंजनीने गडबडीत भलतेच बटण दाबले आणि आईचा आवाज सगळ्या खोलीत घुमला.

“ऊटा आय्ता, रंजू?”

“आय्तु, अम्मा. मीटिंगमध्ये आहे, ठेवते.”

तिचा डबा अजून उघडलाही नव्हता. शेजारी बसलेला गुरुराज म्हणाला, “खोटारडी. अम्माला सांगू का, डबा पिशवीतच आहे म्हणून?”

“सांग ना. रोजचंच आहे. मी नाही म्हटलं तर ती अर्धा तास सोडणार नाही. त्यापेक्षा आय्तु म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.”

“मग एक यंत्रच लावू,” गुरुराज हसत म्हणाला. “ते विचारेल, तू आय्तु म्हण. अम्माची सुट्टी, तुझीही सुट्टी.”

हेब्बार सरांनी टेबलावर थाप मारली. सापडली, म्हणाले, यंदाची वस्तू सापडली.

अशी मी ठरले. दुसऱ्या दिवशी गुरुराजने श्रीरंजनीच्या संमतीने फोनवरचा आवाज टिपून घेतला. त्यातले ‘रंजू’ काढले, तिचे उत्तरही पुसले. उत्तरानंतर पलीकडून ‘टण्’ असा भांड्याचा बारीक आवाज आला होता, तो मात्र त्याने मुद्दाम ठेवला. “घंटीसारखा वाटतो,” तो म्हणाला, “राहू दे.” तेव्हापासून मी दुपारी एकला आणि रात्री आठला विचारते आणि क्षणभराने ‘टण्’ वाजते. तो आवाज कशाचा होता, हे त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हते. मलाही नव्हते.

एप्रिलच्या पहिल्या तारखेला माझी चित्रफीत जगभर गेली. ‘जे काम आपल्याकडे प्रत्येक जण फुकट करतो, तेच करणारे पहिले यंत्र’ अशी माझी जाहिरात होती. मी स्वयंपाक करत नाही, जेवण मागवत नाही, उत्तर ऐकतसुद्धा नाही, हे माझे गुण म्हणून सांगितले होते. चित्रफितीत श्रीरंजनी कामात बुडालेली होती. मी विचारत होते आणि ती माझ्याकडे न बघता “आय्तु, आय्तु” म्हणत होती. लोक पोट धरून हसले. दूरदूरच्या लोकांनी लिहिले, ‘ही तर अगदी माझी आई!’ मला त्या दिवशी केवढा अभिमान वाटला होता.

त्या दुपारी एक वाजला आणि श्रीरंजनीचा फोन वाजला नाही. कौतुकाच्या गडबडीत तिच्या ते ध्यानातही आले नाही. दुसऱ्या दिवशीही वाजला नाही. चौथ्या का पाचव्या दिवशी तिनेच फोन लावला. मी तिच्या टेबलावरच होते.

“अम्मा, बरी आहेस ना? फोन का नाही केलास?”

“अगं, पार्वतक्काच्या मुलाच्या फोनवर तुझी ती पेटी बघितली की,” आई म्हणाली. “आता पेटी विचारतेय, मग मी कशाला तुझ्या कामात लुडबुड करू? वेळेवर विचारते ना?”

ही गंमत आहे, असे सांगायला श्रीरंजनीने तोंड उघडलेले मी पाहिले. पण सांगायचे म्हणजे, अम्मा, तुझ्या प्रश्नाला आम्ही सगळे हसलो, हेही सांगावे लागले असते.

“विचारते,” ती म्हणाली.

“माझाच आवाज घेतलात ते बरं केलंत. परक्याचा असता तर तू उत्तर दिलं नसतंस.”

त्यानंतर एकचा फोन कायमचा बंद झाला. खरे सांगायचे तर श्रीरंजनीला सुरुवातीला थोडे सुटल्यासारखेच वाटले. आठवड्यातून एकदा, रविवारी, दोघी बोलत. आणि मी? एप्रिल संपायच्या आत मला कपाटावरच्या खोक्यात टाकले, जुन्या वायरी आणि मोडक्या माउसांबरोबर. माझे सेल संपले. हसून झाले की हसवणाऱ्या वस्तूची कुणाला आठवण राहत नाही.

दिवाळीला श्रीरंजनी घरी निघाली तेव्हा आईने फोनवर सांगितले, “ती पेटी आण गं. डोळ्यांनी बघू दे एकदा.” मग खोके खाली आले, माझी धूळ पुसली गेली, नवे सेल पडले आणि मी तीर्थहळ्ळीला आले.

श्रीरंजनीच्या आईचे, नागवेणम्मांचे, घर सुपारीच्या बागेच्या कडेला होते. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षे झाली होती. त्यांनी मला हातात घेऊन सगळीकडून न्याहाळले, पदराने पुसले आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर, टेलिफोनच्या शेजारी बसवले. एक वाजला. मी विचारले, “ऊटा आय्ता?”

नागवेणम्मा चुलीपासून वळल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आय्तु. निंदु?”

आणि त्या फळीसमोर उत्तरासाठी थांबल्या. मला आजवर कुणी उलट विचारले नव्हते. मी काय सांगणार? मी ‘टण्’ वाजले.

शेजारच्या पार्वतक्का दारात उभ्या होत्या. मोठ्या बोलक्या बाई. म्हणाल्या, “झालं, आता यंत्रालाही पान वाढ. दोन पोळ्या जास्त लाट हो, रंजू, पाहुणी आलीय.”

“विचारल्यावर उलट विचारायला नको?” नागवेणम्मा म्हणाल्या. “रीत असते की काही.”

श्रीरंजनी हसली नाही. ती चटईवर बसून होती आणि आईकडे बघत होती. नागवेणम्मांनी फळीखाली झाकून ठेवलेले स्वतःचे ताट पुढे ओढले आणि त्यावरचे पितळी झाकण काढून जमिनीवर ठेवले. टण्.

माझाच आवाज. श्रीरंजनीनेही तो ओळखला.

“अम्मा, तू फोन करायचीस तेव्हा जेवलेली नसायचीस?”

“तू जेवल्याशिवाय मी कधी जेवले होते? लहान होतीस तेव्हाही नाही. तू आय्तु म्हणालीस की झाकण काढायचं.”

“आणि आता?”

“आता काय, अंदाजाने जेवते,” नागवेणम्मा म्हणाल्या आणि त्यांनी भातावर सारू, म्हणजे पातळ सार, वाढून घेतले.

श्रीरंजनी उठून मागच्या अंगणात गेली ती बराच वेळ आली नाही.

सुट्टी संपल्यावर ती मला तिथेच ठेवून गेली. ती बस धरायला गेली त्याच दुपारी पार्वतक्का आल्या आणि म्हणाल्या, “सांगितलंस का लेकीला?”

“काय सांगायचं?”

“मी त्याच दिवशी तुला म्हटलं होतं की, आज एप्रिलची पहिली आहे, पोरांनी मस्करी केलीय. तरी तू पेटी, पेटी करत बसलीस. तुला सगळं ठाऊक आहे हे तिला नको का कळायला?”

नागवेणम्मा माझ्याजवळ येऊन माझी तांबडी पट्टी पुसू लागल्या. “लोक हसत होते ते मी बघितलं, अक्का,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, तिलाही हसू येत असेल रोज. मग करायचा बंद. तिला कशाला सांगायचं? वाईट वाटेल तिला.”

मित्रांनो, ते मी ऐकले. फोन आपसूक थांबला नव्हता. आईने तो मन घट्ट करून थांबवला होता आणि लेकीला अवघडल्यासारखे वाटू नये म्हणून यंत्रावर विश्वास असल्याचे सोंग केले होते. मला हे श्रीरंजनीला सांगायचे होते. पण मला दोनच शब्द येतात.

दुसऱ्या दिवशी एक वाजता मी विचारायच्या आत टेलिफोन वाजला.

“काय झालं गं?” नागवेणम्मा घाबरून म्हणाल्या. “पेटी तर इथं आहे. तब्येत बरी आहे ना?”

पलीकडून काय आले ते मला ऐकू आले नाही. पण नागवेणम्मांच्या चेहऱ्यावरून ते मला कळले. एवढ्या वर्षांत प्रथमच लेक त्यांना विचारत होती. “आय्तु,” त्या म्हणाल्या आणि त्यांचा हात झाकणावर होता. “निंदु?”

तो हिवाळा नागवेणम्मांचा फार सुखाचा गेला. सुपारी सोलायला बायका जमल्या की एक वाजायच्या आधीच त्या उठून आत येत. पार्वतक्का मागून टोमणा मारत, “जा, जा, जावई आल्यासारखी धावते बघा.” फोनवर दोघी फार बोलत नसत. कधी ताकातल्या तंबुळीत काय घातले, कधी बेंगळुरूत ऊन किती. मी माझ्या वेळी विचारतच होते, आणि त्या फोन कानाला लावूनच मला हाताने गप्प बसायला सांगत.

संक्रांत होऊन गेली होती. त्या सकाळी नागवेणम्मांनी भात लावला, पान झाकून ठेवले आणि जरा पडते म्हणून आतल्या खोलीत गेल्या. एक वाजला. टेलिफोन वाजला. एरवी पहिल्याच घंटेला त्या येत, आज आल्या नाहीत. मी विचारले, “ऊटा आय्ता?” माझे झाकण वाजले. खाली पानावरचे खरे झाकण वाजले नाही.

टेलिफोन थांबला आणि पुन्हा वाजू लागला. असे किती तरी वेळ चालले. मग मागच्या दाराने पार्वतक्का बोलत बोलत आल्या. “नागवेणी, अगं फोन घे की. रंजू कासावीस झालीय तिकडे, मला फोन केला तिने.” त्या आतल्या खोलीत गेल्या आणि बोलायच्या थांबल्या.

संध्याकाळपर्यंत घर माणसांनी भरले. श्रीरंजनी आली तेव्हा आईला बाहेरच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दारासमोर ठेवले होते. ती आईजवळ बसली आणि नुसती बसून राहिली. चूल पेटलेली नव्हती. आठ वाजले. मला कुणी बंद केले नव्हते, आणि मित्रांनो, घड्याळाला सुतक कळत नाही. त्या शांततेत आतून नागवेणम्मांचा आवाज आला.

“ऊटा आय्ता?”

बसलेल्या बायका दचकल्या. कुणीतरी मला बंद करायला उठले. पण श्रीरंजनी मान वळवून माझ्याकडे बघत म्हणाली, “नाही झालं, अम्मा.”

जेवण झालेले नसताना आईच्या प्रश्नाला तिने दिलेले ते पहिले खरे उत्तर होते. मग अगदी हळू आवाजात तिने विचारले, “निंदु?”

मी ‘टण्’ वाजले. दुसरे मला काही येतच नव्हते.

आता पुढचे थोडक्यात सांगते. हेब्बार सरांनी त्या एप्रिलला काहीच जाहीर केले नाही. पुढे त्यांनी कंपनी विकली आणि ते उडुपीला गावी जाऊन राहिले. गुरुराज कॅनडात आहे. त्याला त्या ‘टण्’चा अर्थ श्रीरंजनीने सांगितला, तेव्हा त्याने ती चित्रफीत सगळीकडून काढून टाकली. माझ्या कारागिराचे हात आता थरथरतात, असे ऐकते. चन्नपट्टणात त्याचा नातू तोच हळदीचा पिवळा रंग लावतो. सुपारीची बाग दुसऱ्यांनी घेतली, घर मात्र अजून आहे आणि किल्ली पार्वतक्कांकडे असते. नागवेणम्मांना सगळे ठाऊक होते, हे पार्वतक्कांनी श्रीरंजनीला कधीच सांगितले नाही. “वाईट वाटेल तिला,” या वाक्याचा त्यांनी मान राखला.

श्रीरंजनी बेंगळुरूतच आहे. रोज एक वाजता ती कामातून उठते आणि पार्वतक्कांना फोन करते. पार्वतक्का अजून तशाच आहेत. “आय्तु गं बाई, आय्तु. निंदु? खरं सांग,” असे म्हणतात, आणि श्रीरंजनी खरे सांगते.

मी तिच्या घरी, खिडकीजवळच्या फळीवर असते. तिने माझे सेल काढून ठेवले आहेत, पण मला टाकलेले नाही. मी बिनकामाची वस्तू म्हणून जन्मले आणि आज पुन्हा बिनकामाची आहे, याचे मला दुःख नाही. माझे मागणे एवढेच आहे. घरात कुणी रोज तेच ते विचारत असेल, तर त्याला हसू नका. खरे उत्तर द्या, आणि उत्तर देऊन झाल्यावर निघून जाऊ नका. उलट विचारा. तेवढे एक काम चन्नपट्टणच्या कारागिराला आणि बेंगळुरूच्या हुशार माणसांना मिळूनही माझ्यात घालता आले नाही.

मला उलट विचारणारी पहिली बाई फळीसमोर उभी राहून उत्तराची वाट बघत होती. मी अजून ते उत्तर शोधते आहे.