‘वेट’चा सरदार

कोश-कार्यालयात एकच जागा होती आणि लेखी परीक्षेत दोघी बरोबरीत आल्या होत्या. म्हणून संपादकबाईंनी तोंडी परीक्षेला शब्दकाकांना पाहुणे परीक्षक म्हणून बोलावलं. रविवारच्या पुरवणीत काका वर्षानुवर्षं इंग्रजी शब्दांच्या जन्मकथा लिहीत. लोक त्या चहाबरोबर वाचत आणि चहापेक्षा जास्त विश्वासानं गिळत.

प्रश्न एकच : ‘वेट’, म्हणजे वाट पाहणं, हे इंग्रजी क्रियापद आलं कुठून?

पहिली मुलगी हसतमुख. ती म्हणाली, “वेट नावाचा एक सरदार होता. जेवायला नेहमी उशिरा यायचा. पाहुणे आणि त्याचा कुत्रा ताटकळत बसायचे.”

“अगदी सरांच्याच शब्दांत!” बाई खूश झाल्या. काकांनीही अंग चोरून थोडं कौतुक घेतलं.

ती बाहेर गेल्यावर दुसरी आत आली, चष्मेवाली. “मूळ अर्थ पहारा देणं, नजर ठेवणं. जुन्या फ्रेंचमधून आला. थांबणं नंतरचं. जेवणाऱ्यांच्या दिमतीला उभं राहणं, हाही अर्थ त्यातूनच.”

“आणि सरांच्या लेखातला सरदार?”

“खूप शोधला, बाई. नाही सापडला.”

“सापडेल कसा? अभ्यास लागतो! जा, बाहेर बस.” दार लागल्यावर बाई काकांकडे वळल्या. “ठरलं ना मग? पहिलीच?”

काकांनी पाण्याचा पेला उचलला, तो रिकामा होता, तरी ते प्यायले.

“सरदार मी घातला,” ते म्हणाले.

बाईंना हसू आवरेना. “काय हो सर! इथंही विनोद?”

“विनोद नाही. त्या रविवारी मजकूर कमी पडत होता. चष्मेवालीचं बरोबर आहे.”

बाईंचं हसू हळूहळू गोळा होऊन नाहीसं झालं. “म्हणजे जागा तिची,” त्या म्हणाल्या. “पण पहिलीला हे तुम्ही सांगायचं. माझी जीभ रेटणार नाही.”

बाहेर चष्मेवाली पाणी प्यायला गेली होती. हसतमुख मुलगी काकांना पाहून बाकावरून ताडकन उठली. “सर, बसा ना! शाळेपासून वाचते मी तुम्हाला. सगळं पाठ आहे.”

काका उभेच राहिले. बोलायला सुरुवात केली ती तिच्या चपलांकडे बघत. सांगून झालं.

“म्हणजे सरदार नव्हताच?”

“नव्हता, बाळ.”

“आणि कुत्रा?”

“तोही नव्हता.”

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती विचारात पडली. “मग बाकीचे शब्द हो, सर? मी शिकवणीच्या मुलांना तेच सांगते.”

 काका बाकाच्या टोकाला टेकले.

“कोणकोणते सांगितलेस? म्हण बघू एकेक.”

तिनं पहिला शब्द सांगितला, त्याची गोष्टही, हावभावांसकट. काकांनी मान हलवली. नाही.

तिनं दुसरा सांगितला.