बोटांनी झिजलेलं शेत

मी नकाशा बोलतोय. आवाज जरा कोंडल्यासारखा येईल, तेवढं चालवून घ्या. मला पुठ्ठ्याच्या लांब नळीत गुंडाळून ठेवलंय आणि दोन्ही तोंडांना झाकणं ठोकली आहेत. पूर्वेची नदी पश्चिमेच्या टेकड्यांवर येऊन बसली आहे. आयुष्यभर भिंतीवर ताठ उभं राहिलेल्याला हे सोसवत नाही, पण मला विचारतो कोण?

मी आयर्लंडमधल्या रॉसकॉमन काउंटीचा नकाशा. दोनशे वर्षं ओलांडली मी. छापखान्यातून शेकड्यांनी बाहेर पडलेला नाही, हाताने काढलेला आहे. माझ्यासारखा मीच. त्याचा मला फार अभिमान होता. आता वाटतं, माझी आणखी एखादी प्रत असती तर बरं झालं असतं.

मला काढलं थॅकबेरी नावाच्या मोजणीदाराने. सडपातळ माणूस, नाक कायम वाहतं, बूट कायम ओले. त्याच्यापुढे टाइग नावाचा इथलाच एक गडी लोखंडी साखळी ओढत चालायचा. साहेब इंग्रजी बोलणारा, टाइग आयरिश बोलणारा. दोघांचं निम्मं बोलणं हातवाऱ्यांवर चालायचं. टाइगने टेकडीचं, ओढ्याचं, चार घरांच्या वस्तीचं नाव सांगायचं आणि साहेबाने ते आपल्या अंदाजाने लिहायचं. टाइगला नावं सांगायचा भारी सोस. एकेका दगडालाही तो नाव सांगायचा, साहेबाच्या नाकी नऊ यायचे.

कॅरोनिश नावाच्या वस्तीपाशी मात्र तो गप्प झाला. तिथे उताराच्या शेताच्या एका कोपऱ्यात पांढरे गोटे ओळीने मांडलेले होते. साहेबाने विचारलं, "हे काय?" टाइगने टोपी काढली आणि दुसरीकडे बघत राहिला. जरा वेळाने साहेबाला उमगलं. त्याने माझ्यावर तिथे तिळाएवढं वर्तुळ काढलं आणि नाव लिहिलं नाही. माझ्या सबंध अंगावर नाव नसलेली तेवढी एकच जागा होती.

तिथे बाळं पुरायची. बाप्तिस्मा होण्याआधी गेलेली, किंवा जन्मतानाच गेलेली. चर्चच्या दफनभूमीत त्यांना जागा नव्हती, तो नियमच होता. मग बापाने दिवस मावळल्यावर लहानशी पेटी काखेत मारायची, सोबत एखादा शेजारी घ्यायचा, आणि त्या कोपऱ्यात जाऊन यायचं. पाद्री नाही, घंटा नाही, नाव नाही. वर एक पांढरा गोटा ठेवायचा. आईने जायचं नाही. आईने त्याबद्दल बोलायचंही नाही. पुढे सरकारी मोजणीवाले आले, तेव्हा कॅरोनिशच्या लोकांनी त्यांना सगळं दाखवलं, तो कोपरा तेवढा दाखवला नाही. लाज माणसाला कसं गप्प करते ते मी तेव्हापासून बघतोय. त्यामुळे ती जागा कागदावर राहिली ती फक्त माझ्याकडे.

माझी पहिली बरीच वर्षं जमीनदाराच्या बंगल्यात गेली. तिथे मला कोणी प्रेमाने बघितल्याचं आठवत नाही. बटाट्याची पिकं काळी पडली, माणसं भुकेने गेली आणि उरलेली जहाजांवर चढली, तेव्हा जमीनदाराचा कारभारी येऊन माझ्यावरच्या रिकाम्या वस्त्यांवर लाल फुल्या मारून गेला. कॅरोनिशची बहुतेक घरं त्यात गेली. घर पडतं तेव्हा आवाज होतो म्हणतात. माझ्यावर फक्त लेखणी कुरकुरली.

पुढे बंगला मोडीत निघाला आणि मी ड्रमार्डा गावात गॅरटींच्या दुकानात आलो. गॅरटींचं दुकान म्हणजे पुढे किराणा, मागे दारूचा गुत्ता, आणि परसात शवपेट्या. चहा, साखर, घोड्याचे नाल, काळी बिअर आणि शेवटची पेटी, माणसाला लागणारं सगळं एकाच छपराखाली. मला चहाच्या डब्यांशेजारी हिरव्या रंगाच्या लाकडी भिंतीवर टांगलं. तिथे मी खरा जगलो.

ही माणसं नकाशा डोळ्यांनी वाचत नाहीत, बोटाने वाचतात. बांधावरून भांडण झालं की दोघंही तावातावाने येणार आणि बिअरने ओलं झालेलं बोट माझ्यावर ठोकणार. अमेरिकेहून कोणी आलं की त्याला माझ्यासमोर उभं करणार. तो बापडा गहिवरून म्हणणार, "हेच का ते?" आणि आजोबाच्या वस्तीवर बोट दाबून धरणार. माझ्या अंगावर चहाचे डाग आहेत, सिगारेटचं एक भोक आहे, ख्रिसमसच्या पत्त्यांच्या डावात उडालेला सॉसही आहे. माझी त्याबद्दल तक्रार नाही. माणसात राहायचं तर अंगाला काही ना काही लागणारच.

पण त्या वर्तुळाची गोष्ट वेगळी.

ज्या घरातला बाप परसात येऊन लहानशी पेटी घेऊन जायचा, त्या घरातली बाई महिना-दीड महिन्याने चहा घ्यायला दुकानात यायची. नोरा गॅरटी, म्हणजे तेव्हाची मालकीण, तिला काही विचारायची नाही. चहा वजनाला टाकायची आणि पाठ फिरवायची. एकदा तोललेला चहा परत डब्यात ओतायची, परत तोलायची. तिचा काटा नेमका तेवढ्यापुरता बिघडायचा. तेवढ्यात ती बाई माझ्याजवळ यायची आणि त्या तिळाएवढ्या वर्तुळावर बोट ठेवायची. जिथे पायांनी जाता येत नव्हतं, तिथे ती बोटाने जाऊन यायची.

डीलिया नॉटन तर दर आठवड्याला यायची. तिची लेक ब्रायडी तेव्हा इतकी लहान होती की तिला माझा खालचा दांडाच दिसायचा. एकदा तिने विचारलंच, "आई, तिथे काय आहे गं?"

"काही नाही. धूळ बसली होती."

"मग दर वेळी कशी बसते?"

"ब्रायडी, गप्प राहा. मिसेस गॅरटींचा चहा तोलायचा चुकतो."

अशा किती डीलिया आल्या, त्यांच्या सासवा आल्या, सुना आल्या. बोटं खरखरीत, राखेची, साबणाची. कागद किती सोसणार? आधी शाई फिकट झाली. मग वर्तुळ गेलं. मग कागद गेला, कागदामागे चिकटवलेलं कापड विरलं, आणि शेवटी तिथे बोटाच्या पेराएवढं भोक पडलं. मला कळत होतं. पण मी कोणाचं बोट कसं धरणार? आणि धरता आलं असतं तरी धरलं नसतं.

आता ब्रायडीच पंच्याऐंशीच्या घरात आहे. काठी टेकत येते, जिभेला मात्र काठी लागत नाही. गेल्या वर्षी कॅरोनिशचं ते शेत मॅलकी टीअर्नीने झाडांच्या कंपनीला द्यायचं ठरवलं. मॅलकी म्हातारा, गुडघे गेलेले, मागे कोणी नाही. कंपनी तिथे लाकडासाठी झाडं लावणार होती. आधी यंत्राने खोल चर मारायचे आणि मग रोपं. पांढरे गोटे मॅलकीच्या बापाने शेत सपाट करताना कधीच उचलून टाकले होते, त्यामुळे कोपरा कुठला ते आता कोणालाच ठाऊक नव्हतं. ब्रायडीने काउंटीच्या कचेरीत धरणं धरल्यासारखं बसून हरकत घेतली. माझी भावंडं तिथे आहेत, म्हणाली. कंपनीचं म्हणणंही सरळ होतं. जागा दाखवा, तेवढा कोपरा सोडतो.

आणि एका दुपारी कचेरीतले डिव्हेन साहेब मला बघायला आले. तरुण, सभ्य माणूस. दुकान आता नोराच्या पणतूचं, फिंटनचं. त्याने साहेबांपुढे चहा आणि हॅमचं सँडविच ठेवलं. ब्रायडी चांगला कोट घालून आली होती. मॅलकीही आला आणि दाराजवळच्या स्टुलावर बसला.

"बस की नीट," ब्रायडी त्याला म्हणाली. "झाडं लागली की तिथे टेकायलाही जागा उरायची नाही कोणाला."

"मी कुठे नाही म्हणतोय, ब्रायडी? दाखव ना कुठे आहे ते. मलाही काय हौस आहे का?"

डिव्हेन साहेबांनी भिंग काढलं. नदीवरून, चर्चवरून, लाल फुल्यांवरून ते हळूहळू कॅरोनिशपर्यंत आले. माझा जीव टांगणीला लागला होता. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला खरं विचारत होतं. आणि भिंग त्या भोकावर येऊन थांबलं.

"इथे तर काहीच नाही," ते म्हणाले. "झिजलंय."

"झिजलं नाही, साहेब. झिजवलंय." ब्रायडीने काठी आपटली. "माझी आई इथे बोट ठेवायची. मला म्हणायची, धूळ आहे. तिला तिथे जाऊ देत नव्हते, म्हणून ती इथे यायची. सगळ्याच यायच्या. त्यांच्या बोटांनी पडलंय ते. आता तुम्हाला आणखी कसला पुरावा हवाय?"

डिव्हेन साहेबांनी भिंग खाली ठेवलं. त्यांना खोटं वाटलं नव्हतं, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर बघितलं. "माझा विश्वास आहे तुमच्यावर," ते म्हणाले. "पण हे भोक जमिनीवर मोजलं तर अख्खं शेत आणि वर शेजारची दोन शेतं गिळतं. मी कोपरा कुठला म्हणून सांगू?"

"मग भोकाएवढं सगळंच सोडा."

"असं लिहिता येत नाही हो मला."

"का? भोक मोठं आहे तर दुःखही तेवढं मोठं होतं, असं लिहा."

फिंटन उगाच काउंटर पुसत राहिला. मॅलकी स्वतःच्या बुटांकडे बघत होता. मला ओरडून सांगायचं होतं, वरच्या बांधाला लागून, काटेरी झुडपाच्या सावलीत, टाइग जिथे टोपी काढून उभा राहिला तिथे. मला अगदी बोटभरही चूक न करता माहीत होतं. पण नकाशा फक्त दाखवू शकतो, सांगू शकत नाही, आणि माझं दाखवणं त्यांच्याच आयांनी पुसून नेलं होतं. इतकं लाचार मला कधी वाटलं नव्हतं.

साहेबांनी 'नेमकी जागा ठरवता येत नाही' असं लिहिलं. वसंतात चर मारले गेले आणि रोपं लागली.

त्यानंतर एका सकाळी दुकानात कोणी नसताना मॅलकी आला. माझ्यासमोर उभा राहिला, इकडेतिकडे बघितलं, आणि त्या भोकात बोट घातलं. फिंटन मागून आला तेव्हा त्याने बोट काढलं नाही. "माझ्या आधीचा एक होता," तो म्हणाला. "आईने मरताना सांगितलं. मी कोणाला बोललो नाही." त्या दुपारी ब्रायडीसमोर तो हे बोलला असता तर काही फरक पडला असता का? नसताच पडला बहुधा. कोपरा कुठला हे त्यालाही माहीत नव्हतं. तरी बोलायला हवं होतं, असं मला वाटतं.

आता हे ऐका. डिव्हेन साहेबांना माझं वाईट वाटलं. इतका जुना नकाशा गुत्त्याच्या भिंतीवर नासतोय, म्हणून त्यांनी मोठ्या शहरातल्या संग्रहालयाला कळवलं. काल तिथली एक बाई आली. हात मऊ, मोजे घातलेले. तिने मला प्रेमाने न्याहाळलं आणि फिंटनला म्हणाली, "काळजी करू नका. डाग काढू, त्या काळचाच कागद मिळवून भोक भरू. आम्ही सांगितल्याशिवाय कळणारही नाही कुठे होतं ते."

तिने भलाच विचार केला होता. मला आजवर ज्यांनी ज्यांनी पुसलं, त्यांनी भल्यासाठीच पुसलं.

मला खाली काढलं तेव्हा भिंतीचा मागचा हिरवा रंग उघडा पडला. इतकी वर्षं माझ्याआड राहिल्याने नवा कोरा. फक्त एका जागी रंग उडून लाकूड दिसत होतं, बोटाच्या पेराएवढं, हात फिरून फिरून गुळगुळीत झालेलं. भोक पडल्यावरही त्या यायच्या थांबल्या नव्हत्या, पण त्याची खूण माझ्याच मागे उमटत होती हे मला ठाऊक नव्हतं. ब्रायडी तिथेच होती. ती काठी टेकत भिंतीशी गेली आणि तिने तिथे बोट ठेवलं. संग्रहालयातली बाई मला गुंडाळत होती, त्यामुळे मला पुढचं दिसेनासं झालं.

नळीचं झाकण बसलं. बाहेर माझी हिरवी चौकट आता विचित्र दिसत असणार, कारण फिंटन म्हणाला, "भिंत अशी उघडी बरी दिसत नाही. आजच हात मारून टाकतो." मग रंगाच्या डब्याचं झाकण उचकटल्याचा आवाज आला.

"फिंटन, अरे, जरा थांब," ब्रायडी म्हणाली.

तेवढ्यात मला उचलून गाडीत ठेवलं आणि दार लागलं. फिंटन थांबला की नाही, मला माहीत नाही. इथे अंधारात पडल्या पडल्या मी तेवढंच ऐकायचा प्रयत्न करतोय. तुमच्यापैकी कोणी ड्रमार्ड्याला गेलात, तर चहाच्या डब्यांशेजारच्या भिंतीवर एकदा हात फिरवून बघा.