उतरता काटा

घरात तिला लहानपणापासून ठमी म्हणत, कारण ती होतीच तशी, गोल गरगरीत. लग्न झालं, केस कापायचं स्वतःचं दुकान झालं, मुलगी नोकरीसाठी दूर गेली, तरी नाव काही सुटलं नाही. मग मधुमेह आला. तो आईकडून आला होता, आणि थोरल्या बहिणीला, ताईला, त्यानं आधीच गाठलं होतं.

आईचा पाय गुडघ्याखालून कापला तेव्हा दोघी बहिणी दवाखान्यात आळीपाळीनं बसल्या होत्या. शुद्धीवर आल्यावर आई सारखी म्हणायची, पायाला खाज सुटलीय. नसलेल्या पायाला. ठमी चादरीवरून, खाली काहीच नव्हतं तिथे, खाजवत राहायची आणि आईला बरं वाटायचं. ते तिचे हात कधी विसरले नाहीत.

म्हणून डॉक्टरीणबाईंनी पिठूळ आणि गोड खाणं कमी करा म्हटलं, तेव्हा दोघींनी ते मनावर घेतलं. भात, पाव, बटाटा बंद. अंडी, पालेभाज्या, काकडी, चीज, मूठभर दाणे. दोघींनी एकाच दिवशी सुरुवात केली आणि रोज फोनवर, आज काय काय खाल्लं नाही, ते एकमेकींना सांगून हसत राहिल्या. दोघींची साखर उतरली, वजनंही उतरली.

ताई पाळणाघर चालवायची. दिवसभर पोरांना भरवायचं आणि त्यांनी टाकलेले घास डोळ्यांसमोर कचऱ्यात जाऊ द्यायचे, हे तिला काही महिने जमलं. मग एक घास तोंडात गेला, मग अर्धं ताट. वर्षभरात गेलेलं सगळं वजन परत आलं आणि येताना आणखी थोडं घेऊन आलं.

ठमीचं मात्र थांबायचं नाव नव्हतं. दुकानात तिन्ही भिंतींना आरसे, त्यामुळे स्वतःला न बघता तिला दिवस काढताच यायचा नाही, आणि बघायला तिला आवडू लागलं होतं. गिऱ्हाइकं खुर्चीत बसल्या बसल्या विचारायची, काय करता हो तुम्ही? ती सांगायची. एकदा कुणीतरी ताईची चौकशी केली, तेव्हा ती पटकन बोलून गेली, "तिचं वजन नुसतं फिरायला गेलं होतं. पत्ता पाठ होता, आलं परत." दुकानभर हशा पिकला. मग हा विनोद तिनं आणखी दोनचार जणींना ऐकवला. चांगला विनोद एकदाच सांगून कुणाचं भागतं?

त्यानंतर ताई केस कापायला यायची बंद झाली. पाळणाघरातून सवड होत नसेल, असं ठमीनं धरून चाललं. तसं धरून चालणं सोयीचं होतं.

पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता पुरे. उतरवायचं काम संपलं, आता टिकवायचं. जेवण वाढवा, डाळ घ्या, एखादं फळ घ्या, अर्धा बटाटा घेऊन साखर किती चढते ते बघा. आणि साखर खाली ओढणारी जी गोळी आहे ती बंद. एवढ्या कमी खाण्यावर ती गोळी घातक आहे, हे त्यांनी दोनदा सांगितलं. ठमीनं दोन्ही वेळा मान डोलावली. घरी जाताना बटाटे घेतले, उकडले आणि नवऱ्याला वाढले. गोळीही बंद केली नाही. त्या गोळ्यांच्या जुन्या पट्ट्या शिल्लक होत्या, त्या तिनं पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवल्या. उतरवायचं कसं ते तिला कळलं होतं. थांबायचं म्हणजे काय करायचं, ते कळत नव्हतं. हात जरा सैल सोडला की गाडी उताराला लागेल आणि थेट आईच्या त्या चादरीपाशी जाऊन थांबेल, असं तिला वाटायचं.

नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला होता. मितभाषी माणूस. आधी तो खूश होता. मग तिच्या बोटातली अंगठी साबणाबरोबर मोरीत गेली, हात बर्फासारखे गार पडू लागले, आणि दुसऱ्यांचे केस कापणाऱ्या बाईचे स्वतःचेच केस पुंजक्यांनी गळू लागले. ती डोक्याला रुमाल बांधून दुकानात जायची. एकदा तो म्हणाला, "अगं, तू बारीक नाही होत आहेस. तू संपत चालली आहेस." तिला राग आला. लोक कौतुक करतात आणि घरच्याच माणसाला बघवत नाही, असं म्हणून तिनं त्याला गप्प केलं. दुसऱ्या दिवशी तो पाळणाघरात जाऊन ताईला भेटून आला.

ताई फोन न करताच दुकानात आली. खांद्याच्या खाली केस वाढलेले, कसेतरी बांधलेले. ठमीनं तिला खुर्चीत बसवून गळ्याभोवती कापड गुंडाळलं. त्याचा पट्टा पुरेना. दोघींनी आरशात एकमेकींकडे पाहिलं. ठमीनं पट्ट्याऐवजी चिमटा लावला आणि कापायला सुरुवात केली.

"माझ्या वजनाला पत्ता पाठ आहे म्हणे," ताई आरशात बघत म्हणाली.

ठमीला घाम फुटला. शरमेनं फुटला, असंच तिला वाटलं. मानेवरून ओघळ सुरू झाले, ओठ बधिर झाले, कंगवा हातातून पडला तो कुठे पडला ते दिसेना. काहीतरी उत्तर द्यायचं होतं, पण शब्द जुळेनात. कात्री चालूच होती. ती ताईच्या कानाच्या पाळीला लागली.

ताई कान धरून वळली आणि बहिणीचा चेहरा बघून कान विसरली. साखर अशी एकदम उतरणं तिच्या स्वतःवरही एकदा बेतलं होतं, हे काय आहे ते तिला कुणी सांगायला नको होतं. मागच्या खोलीत चहाचं सामान असायचं. तिथली साखर पाण्यात कालवून तिनं पेला ठमीच्या तोंडाशी नेला. ठमीनं तो हातानं उडवला. फरशीवर काचा झाल्या.

"साखर नको," ती अडखळत म्हणाली. "काहीही दे. साखर नको."

बाकावर वाट बघत बसलेली बाई घाबरून दवाखान्यात फोन लावू लागली. ताईनं दुसरा पेला भरला. पाळणाघरातल्या हट्टी पोराला धरतात तसं ठमीला जमिनीवर बसवून पाठीमागून दोन्ही गुडघ्यांत धरलं आणि हनुवटी वर केली. तिच्या कानाच्या पाळीचं रक्त ठमीच्या रुमालावर टपकत होतं.

"आईचा पाय साखरेनं गेला," ती म्हणाली. "तुझा जीव साखरेवाचून जाईल. गिळ."

ठमी तोंड मिटून रडत होती. मग तिनं एक घोट गिळला. मग दुसरा.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत? ठमी जमिनीकडे बघत राहिली. ताईनं न विचारता तिची पर्स उघडली आणि गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की ताई आली नसती आणि ठमी एकटी असती, तर आजचं संभाषण झालंच नसतं. वजनही, जिथे थांबायला हवं होतं त्याच्या बरंच खाली गेलं होतं. पिठूळ खाणं कमीच ठेवा, त्यानं तुमचं भलं झालंय. पण पोटभर जेवा.

बाहेर आल्यावर ठमीनं विचारलं, "तुला ते पत्त्याचं कुणी सांगितलं?"

"जे हसले त्यांनीच."

"चुकलं माझं, ताई."

"चुकलंच," ताई म्हणाली आणि पुढे चालू लागली. कोपऱ्यावर मात्र थांबली, कारण ठमीच्या पायात अजून बळ नव्हतं.

त्यानंतर दुपारी पोरं झोपली की पाळणाघर मदतनीस बाईवर सोपवून ताई डबा घेऊन दुकानाच्या मागच्या खोलीत येऊ लागली. दोघी एकच जेवण जेवायच्या. सगळं सरळ झालं असं मात्र नाही. पहिल्यांदा बटाटा खाल्ल्यावर साखर थोडी चढली, तेव्हा ठमीनं नवऱ्याला पोट बिघडलंय असं सांगून रात्रीचं जेवण टाळलं. त्यानंही आपलं ताट बाजूला सरकवलं आणि तसाच बसून राहिला, ती जेवायला बसेपर्यंत. ताईचं वजन हलायला तयार नव्हतं. कधीकधी येताना तिच्या ओठाला पोराच्या ताटातली खीर लागलेली असायची. ठमीला ती दिसायची. जिभेच्या टोकावर आलेलं वाक्य ती गिळून टाकायची. आता तेही तिला जमू लागलं होतं.

पुढच्या तपासणीत काटा थोडा वर सरकला होता. डॉक्टरीणबाई खूश झाल्या, नवरा खूश झाला. ठमी दुकानात आली, मागच्या खोलीत गेली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. ताई डबा उघडून बसली होती.

"किती वाढलं?" तिनं विचारलं.

ठमीनं सांगितलं. मग म्हणाली, "ताई, हे असंच वर जात राहिलं तर?"

"थोडं जाईल. थोडं उतरेल."

"आणि नाही थांबलं तर?"

ताईनं डाळ दोन वाट्यांत वाढली. "मला नाही माहीत गं," ती म्हणाली. "थांबवता आलं असतं तर मी तुझ्यासमोर अशी बसले असते का? ये, बस. दोघी मिळून बघू."

बाहेर घंटी वाजली. कुणीतरी केस कापायला आलं होतं. ठमीनं आतूनच, जेवून येते, जरा बसा, म्हणून सांगितलं. ती ताईशेजारी बसली आणि डाळीची वाटी पुढे ओढली.